स्कीटर लपतो ते प्रकरण

शिकागो
३ फेब्रुवारी १९९४

प्रिय आर्डिथ आत्या,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तू ते कबूलही करत नाहीस, म्हणून पत्रच लिहितेय. बातमी चांगली आहे. आमच्या प्रकाशनाने तुझं 'पुलापलीकडची टोळी' पुन्हा छापायचं ठरवलंय. अडतीस वर्षांनी! मी बैठकीत सहज नाव काढलं, तर आमचे संपादक प्रिचर्डसाहेब खुर्चीत ताठ बसले. लहानपणी गोवर आला होता तेव्हा त्यांनी ते अंथरुणात पडल्यापडल्या तीनदा वाचलं होतं म्हणे. मी तुझी भाची आहे हे कळल्यापासून ते मला स्वतःच्या हाताने कॉफी आणून देतात.

फक्त एक अडचण आहे. मागच्या आठवड्यात मी एका शाळेत चौथीच्या वर्गाला दोन प्रकरणं वाचून दाखवली, आणि त्या पोरांना निम्मं कळलंच नाही. औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याला सगळे 'सोडा जर्क' म्हणतात, तरी तो हसतो कसा? जर्क ही तर शिवी. बड म्हणतो, 'नकल सँडविच हवंय का?' आणि समोरचा मुलगा पळून जातो. का? त्याला भूक नव्हती? मिसेस ओल्डफादर 'पार्टी लाइन'वर दिवसभर असतात, मग त्या पार्टीला कधी जातात? पकडापकडीत रोझली बोटं एकमेकांत अडकवून 'किंग्ज एक्स' म्हणते, तो राजा कोण? आणि एका मुलीने तर मला गारच केलं. मुलं लपंडाव खेळताना 'ऑली ऑली ऑक्सन फ्री', म्हणजे बैल मोकळे, असं ओरडतात, तर मध्येच बैल कुठून आले, आणि त्यांना कोणी बांधलं होतं?

खरं सांगायचं तर बैलांचं मलाही ठाऊक नव्हतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांची चार पानं द्यायची आहेत आणि ते काम माझ्याकडे आहे. तू एकेकाचा अर्थ लिहून पाठव. तुझ्या नेहमीच्या तिरकस भाषेत लिही, मी सरळ करून घेईन.

बाबा बरे आहेत. बसगाड्यांच्या गॅरेजमधून या वर्षी निवृत्त होणार म्हणतात, पण हे ते गेली तीन वर्षं म्हणताहेत.

तुझी
ग्रेचन

---

वेस्टरबी, नेब्रास्का
१० फेब्रुवारी १९९४

प्रिय ग्रेचन,

मला व्यवस्थित ऐकू येतं. तू पुटपुटतेस.

प्रिचर्डना सांग की गोवराच्या तापात वाचलेलं कुठलंही पुस्तक चांगलंच वाटतं, त्यांनी आता ताप नसताना एकदा वाचून बघावं. बाकी, मला आनंद झाला. तेवीस वर्षांची होते मी ते लिहिलं तेव्हा. दिवसभर दुसरीच्या मुलांची नाकं पुसायची आणि संध्याकाळी टाइपरायटर बडवायचा.

आता तुझे शब्द. सोडा जर्क म्हणजे नळाचा दांडा खाली ओढून ग्लासात सोडा सोडणारा पोरगा. जर्क म्हणजे हिसका. आमच्या गावचा सोडा जर्क ल्यूथर. त्याचे कान सुपाएवढे होते, आणि मी बारा वर्षांची असताना त्याच्याशी लग्न ठरवलं होतं. त्याला ते कळवायचं राहून गेलं.

नकल सँडविच म्हणजे तोंडावर ठोसा. बोटांच्या पेरांचं सँडविच. तुझा बाप मर्ल हे दिवसातून दहा जणांना देऊ करायचा आणि प्रत्यक्षात कोणालाच द्यायचा नाही.

किंग्ज एक्स म्हणजे टाइम प्लीज. बोटांची फुली केली की तेवढा वेळ कोणी तुम्हाला धरू शकत नाही. राजा कोण ते आम्हालाही माहीत नव्हतं.

पार्टी लाइन: एकाच तारेवर सात घरांचे फोन. प्रत्येकाची घंटी वेगळी, आमची दोन लांब आणि एक आखूड. पण कोणाचीही वाजली तरी रिसीव्हर हळूच उचलला की सगळं ऐकू यायचं. फक्त आपला श्वास ऐकू जाऊ द्यायचा नाही. त्या काळातल्या बायकांनी रेडिओवरच्या मालिकांपेक्षा जास्त करमणूक त्या तारेवर केलीय. ओल्डफादरबाई पार्टीला जात नव्हत्या, गरजच नव्हती.

टोळीतल्या धाकट्याचं नाव स्कीटर, म्हणजे डास. तू विचारलं नाहीस, पण मुलं विचारतील. कानाशी सारखी गुणगुण करणाऱ्या, मागेमागे फिरणाऱ्या लहान मुलाला म्हणायचे.

बैलबिल काही नाहीत. लपंडावातली हाक आहे ती. 'खेळ संपल्याची हाक' एवढं लिही आणि पुढे जा. त्यावर जास्त शाई खर्च करू नकोस.

मर्लला या नव्या आवृत्तीचं बोलली नसशील तर बोलू नकोस. त्याला गोष्टीच्या पुस्तकांचं वावडं आहे. माझंही त्याने कधी उघडलेलं नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुझी
आर्डिथ आत्या

---

शिकागो
२१ फेब्रुवारी १९९४

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. सुपाएवढ्या कानांचा ल्यूथर आता आमच्याकडे प्रसिद्ध आहे.

एक छोटी गोष्ट उरलीय. सातव्या प्रकरणात स्कीटर शेडमधल्या जुन्या आइसबॉक्समध्ये लपतो. राज्य बडवर असतं. तो शोधून थकतो, कॉटनवुडच्या झाडापाशी भोज्यावर उभा राहून ती बैलांची हाक मारतो, आणि दार उघडून स्कीटर बाहेर उडी मारतो, हातात लोणच्याची बरणी. वर्गातली मुलं इथे खूप हसली. एकाने विचारलं, बर्फाच्या पेटीत तो गोठला कसा नाही? मला वाटलं, आइसबॉक्स म्हणजे बर्फाची लादी ठेवायचं ते लाकडी कपाट की विजेवरचा फ्रिज, हे एकदा नक्की करावं. म्हणून मी आमच्या वकिलांना त्या काळातले फ्रिज कसे असायचे ते विचारलं. ती माझी चूक झाली.

ते म्हणाले, विजेवरचा असेल तर त्याला बाहेरून खटक्याची कडी असायची. दार एकदा लागलं की आतून उघडायचं नाही. दरवर्षी मुलं आत लपून गुदमरायची, म्हणून नंतर कायदा झाला. हे प्रकरण असंच छापता येणार नाही असं त्यांचं म्हणणं आहे. प्रिचर्डसाहेबांनाही पटलंय. तर आपण एवढंच करू: आइसबॉक्सच्या जागी पिंप. स्कीटर पिंपात लपतो. एका शब्दाचा बदल, बाकी तुझी एक ओळही हलणार नाही. होय म्हण म्हणजे मी पुढे पाठवते.

तुझी
ग्रेचन

---

वेस्टरबी
२६ फेब्रुवारी १९९४

ग्रेचन,

पिंप नाही. सातव्या प्रकरणातला एक स्वल्पविरामसुद्धा बदलायचा नाही. तो विजेवरचा फ्रिज होता. माझी आई मरेपर्यंत फ्रिजला आइसबॉक्सच म्हणत होती, आमच्याकडे सगळेच म्हणायचे. एवढं शब्दार्थात घाल.

वकिलांना जमत नसेल तर पुस्तक छापू नका.

आर्डिथ

---

शिकागो
७ मार्च १९९४

प्रिय आत्या,

तुझं चार ओळींचं पत्र मी तीनदा वाचलं. मला राग आला होता हे लपवत नाही. या पुस्तकासाठी मी सहा महिने लोकांच्या मागे लागलेय, आणि तू एका शब्दावरून ते बुडवायला निघालीस.

मग विचार केला. बाबांना एक धाकटा भाऊ होता, वेंडेल, आणि तो पाच वर्षांचा असताना पोलिओने गेला, एवढं मला लहानपणापासून माहीत आहे. पुस्तकातला स्कीटर म्हणजे तोच ना? तू त्याला तिथे धावता-पळता ठेवलास, म्हणून त्याच्याबद्दलचं काही हलवायला तुझा हात धजत नाही. हे मी समजू शकते. पण आत्या, पिंपात लपल्याने तो कमी जिवंत होणार नाही.

माझं तू ऐकत नाहीस, निदान भावाचं ऐकशील. म्हणून सातव्या प्रकरणाची झेरॉक्स मी गुरुवारी बाबांना लिंकनला पाठवली, आणि लिहिलं की वाचा आणि तुमच्या हट्टी बहिणीला समजवा. तू नको म्हणाली होतीस, ठाऊक आहे. पण चाळीस वर्षांत त्यांनी तुझं एकही पान वाचू नये हे मला कधीच बरं वाटलं नाही.

रागावू नकोस.

तुझी
ग्रेचन

---

लिंकन
१४ मार्च १९९४

ग्रेचन,

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझी आई म्हणते फोन कर. फोनवर हे जमणार नाही.

तू पाठवलेली पानं वाचली.

वेंडेल पोलिओने गेला नाही. ते आम्ही तुम्हा मुलांना सांगायला ठरवून ठेवलं होतं. त्या काळी पोलिओ म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे.

ऑगस्ट १९४८. मी दहा वर्षांचा होतो. आई आणि बाबा एका दफनाला शेजारच्या गावी गेले होते. आर्डिथ पंधराची, ती घरात होती, आमच्याकडे बघायला. आम्ही मागच्या अंगणात लपंडाव खेळत होतो. मी, वेंडेल आणि शेजारची हॉल्मबर्गांची दोन मुलं. राज्य माझ्यावर होतं. हॉल्मबर्गांची दोघं लगेच सापडली. वेंडेल सापडेना.

तुला त्या हाकेचा अर्थ हवा होता, तो सांगतो. कोणी सापडत नसेल तर राज्य असलेल्याने भोज्यावर उभं राहून ती हाक मारायची. म्हणजे मी हरलो, तू बाहेर ये, तुला कोणी धरणार नाही. मग पुन्हा त्याच्यावरच राज्य. मला पुन्हा राज्य नको होतं. मी पाच वर्षांच्या पोराकडून हरलो असं हॉल्मबर्गांच्या पोरांसमोर म्हणायचं नव्हतं. मी म्हणालो, "राहू दे डासाला, कंटाळला की येईल." आणि आम्ही तिघं ओढ्यावर पोहायला गेलो.

परत आलो तेव्हा साडेपाच वाजले होते. आई-बाबा आले होते आणि त्याला हाका मारत होते. शेडमध्ये जुना फ्रिज होता. बाबांनी उघडला.

सगळ्यांनी मला विचारलं, हाक मारली होतीस का? मी म्हणालो, मारली होती, तो आलाच नाही. शेरीफला तेच सांगितलं, आईलाही तेच.

आर्डिथच्या पुस्तकात बड हाक मारतो. पाच ओळी आहेत. मी त्या वाचल्या आणि घरच्या गॅरेजमध्ये जाऊन बसलो. तुझी आई दोनदा जेवायला बोलवायला आली.

पिंप करायचं की नाही ते तुम्ही दोघी ठरवा. मला त्यात घेऊ नका.

हे पत्र आर्डिथला दाखवलंस तरी चालेल. मी हाक मारली नव्हती हे तिला ठाऊक आहे.

बाबा

---

शिकागो
१८ मार्च १९९४

प्रिय आत्या,

बाबांच्या पत्राची प्रत सोबत आहे. आधी ते वाच.

मी वर्गात ते प्रकरण वाचून मुलांना हसवलं. मी तुला लिहिलं की पिंपात लपल्याने तो कमी जिवंत होणार नाही. ते वाक्य मला परत घेता आलं तर मी काहीही देईन.

तुला हे माहीत आहे का ते मला ठाऊक नाही: लिंकनमध्ये आम्ही लहान असताना बाबा शनिवारी सकाळी ट्रकमध्ये पाने-पेचकस घेऊन गल्ल्यांमधून फिरायचे. कोणी जुना फ्रिज मागच्या बाजूला टाकलेला दिसला की उतरायचे, बिजागऱ्या सोडवायचे, दार काढून जमिनीवर उताणं ठेवायचे आणि पुढे जायचे. मालकाला विचारायचेसुद्धा नाहीत. एकदा एका माणसाने पोलीस बोलावले. शाळेत मुलं मला म्हणायची, "तुझा बाप दारं चोरतो." मी सातवीत असताना त्यांना म्हणाले होते, "निदान माझ्या शाळेच्या बाजूला तरी नका हो जाऊ." त्या बाजूला जायचं मात्र त्यांनी थांबवलं नाही.

आता मला तुझं सातवं प्रकरण कळलं असं वाटतं. बाबांनी हाक मारली नव्हती, हे तुला ठाऊक होतं. म्हणून तू त्यांच्यासाठी पुस्तकात ती मारलीस. दार उघडलंस, त्याला बाहेर काढलंस, भावाला सोडवलंस. इतकं मोठं मन माझ्याच्याने झालं नसतं. प्रिचर्डसाहेबांशी मी बोलेन. लागलं तर भांडेन. तू म्हणतेस तसंच छापून घेऊ.

तुझी
ग्रेचन

---

वेस्टरबी
२५ मार्च १९९४

मर्ल,

तू ग्रेचनला लिहिलेलं पत्र तिने मला पाठवलं. तिला वाटतं, माझं मन मोठं आहे. हे तिला उत्तर म्हणून लिहायला बसले होते, पण ते आधी तुलाच लिहायला हवं. आधी म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वी.

तू हाक मारली नव्हतीस हे मला माहीत होतं. मी घरातच होते. तुमच्या भोज्याच्या झाडापासून स्वयंपाकघराची खिडकी वीस पावलांवर, आणि ती उघडी होती. तुम्ही तिघं कुंपणावरून उड्या टाकून ओढ्याकडे गेलात, तेही मी पाहिलं. वेंडेल तुमच्याबरोबर नाही, हेही पाहिलं. मला वाटलं, बरं झालं, झोपला असेल कुठेतरी.

मी फोनवर होते. आपली घंटी नव्हती, ओल्डफादरांची होती. मी रिसीव्हर हळूच उचलला. त्यांची बहीण ग्रँड आयलंडहून बोलत होती. तिची मुलगी एका विवाहित माणसाबरोबर गेली होती, त्याचं सगळं सांगत होती. मी स्टुलावर बसले, बोलायच्या बाजूवर हात धरला आणि ऐकत राहिले. तुम्ही जाऊन पाच-दहा मिनिटं झाली असतील. शेडकडून आवाज यायला लागला. ठोकल्याचा. थांबायचा आणि पुन्हा यायचा. मला वाटलं, वेंडेल शेडमध्ये हातोडी घेऊन बसलाय. बाबांच्या हातोडीला हात लावायचा नाही हे त्याला शंभरदा सांगितलं होतं. मी उठून बघायला हवं होतं. पण उठले तर रिसीव्हर ठेवावा लागला असता, आणि ती बाई नेमकं त्या मुलीचं पत्र वाचून दाखवायला लागली होती.

आवाजाने मला शब्द नीट ऐकू येईनात. म्हणून मी हात लांब करून खिडकी लावून घेतली.

मर्ल, मी खिडकी लावली.

संध्याकाळी तुला सगळ्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, हाक मारली होती. तू खोटं बोलतोयस हे त्या स्वयंपाकघरात मला एकटीला माहीत होतं. मी म्हणाले, "हो, मारली होती, मीही ऐकली." आठवतंय? तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं, मी तुला वाचवतेय. मी तुला वाचवत नव्हते. तू हाक मारलेली असली आणि तरी तो आला नसला, तर त्याचा अर्थ तो आधीच गेलेला होता, आणि मग आवाजाचं कोणी विचारणार नव्हतं. तुझ्या खोट्याआड मी उभी राहिले. मग तू दहा वर्षांचा असल्यापासून ते ओझं वाहत राहिलास आणि मी तुला वाहू दिलं.

पुस्तक मी तुझ्यासाठी लिहिलं नाही. ज्यात दार आतून उघडतं अशी एक जागा मला हवी होती. ते छापून आलं तेव्हा अभिमान वाटला. पुढे कळलं की देशभर मुलं अशीच मरताहेत, आणि माझं पुस्तक त्याच मुलांच्या हातात आहे, आणि त्यात स्कीटर दार ढकलून हसत बाहेर येतो. एखाद्या मुलाने ते वाचून खरं मानलं असेल का, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

मी माफी मागते म्हणणं हलकं वाटतं. तरी मागते.

आर्डिथ

---

लिंकन
३१ मार्च १९९४

आर्डिथ,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आज गुरुवार.

आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तिने मला पुन्हा विचारलं, हाक मारली होतीस ना? मी म्हणालो, नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि चौथ्या दिवशी गेली. तेवढ्या दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तू त्या खोलीत होतीस. पेल्यात पाणी ओतत होतीस. तू ओतत राहिलीस.

माफीचं मला आत्ता काही सांगता येत नाही. राग यायला हवा, तोही नीट येत नाही. सकाळी कामावर जातो, गाडीखाली आडवा होतो, आणि हातात पाना तसाच राहतो.

नऊ तारखेला, शनिवारी, सकाळी दहा वाजता मी वेस्टरबीच्या दफनभूमीत येणार आहे. तू आलीस तर आईला तू सांग. नाही आलीस तर मी तुझ्या वतीने सांगणार नाही.

मर्ल

---

वेस्टरबी
११ एप्रिल १९९४

प्रिय ग्रेचन,

मी मर्लला काय लिहिलं ते त्याने तुला दाखवलं, असं तुझ्या फोनवरून कळलं. फोनवर तू फार रडलीस आणि मी फार कमी बोलले. तू मला मोठ्या मनाची म्हणाली होतीस, ते आता तूच मनातून खोडून टाकलं असशील. ठीक आहे.

आधी कामाचं. सातवं प्रकरण काढून टाका. पिंप नको, तळघर नको, पूर्ण प्रकरण काढा. सहाव्यानंतर सरळ जत्रेचं प्रकरण येऊ दे, कोणाला कळणार नाही. प्रिचर्डना वाईट वाटेल, पण वकील खूश होतील. शब्दार्थांत आइसबॉक्सची गरज उरणार नाही. ती लपंडावाची हाक मात्र तिसऱ्या प्रकरणातही आहे, तिचा मी दिलेला अर्थ अपुरा होता. असं लिही: लपंडावात अजून लपलेल्या सगळ्यांना बाहेर बोलावण्याची हाक. कोणी सापडलं नाही तर खेळ सोडून जाण्याआधी ही मारायचीच असते. राज्य असलेला विसरला, तर जवळच्या मोठ्या माणसाने मारावी.

आता शनिवारचं. तू विचारशील, आणि मर्ल सांगणार नाही.

मी साडेनऊलाच पोचले. वारा असा होता की गाडीचं दार उघडताना हातातून सुटलं. मर्ल दहाला आला. चांगला कोट घातला होता, दफनाला घालतो तो. मी सरकून जागा केली, पण तो आईच्या दगडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मध्ये आई, आणि तिच्या शेजारी वेंडेलचा छोटा दगड. हॅट काढून हातात धरली आणि म्हणाला, "सांग."

मी सांगितलं. शाळेत मुलांना गोष्ट सांगताना जसा आवाज लावायचे तसा लावला, नाहीतर वाऱ्यात काही ऐकू गेलं नसतं. फोन, ओल्डफादरांची बहीण, ठोकल्याचा आवाज, खिडकी, सगळं. मध्येच एक माणूस फुलं घेऊन पलीकडच्या ओळीत आला आणि मला मोठ्याने बोलताना बघून परत फिरला. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

माझं झाल्यावर मर्लने विचारलं, "आवाज कसला होता? हाताचा की पायाचा?"

"पायाचा असावा. जड होता."

"खिडकी लावलीस तेव्हा किती वाजले होते?"

"अडीच वाजून गेले होते. तुम्ही नुकतेच गेला होतात."

त्याने हॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे वेळ होता," तो म्हणाला.

"हो, मर्ल. वेळ होता."

"तुलाही आणि मलाही."

"मला जास्त होता. मला ऐकू येत होतं."

वेंडेलच्या दगडावर गवताच्या काड्या येऊन अडकल्या होत्या, त्या त्याने वाकून एकेक काढल्या. उठताना गुडघा धरला. मी हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. झटकलाही नाही. दगडाला धरून उठला.

"घरी चल. कॉफी करते," मी म्हणाले.

"नको."

"पुन्हा कधी येशील?"

"माहीत नाही, आर्डिथ. येईन असं नाही वाटत."

आम्ही फाटकापर्यंत चालत आलो, तो दोन पावलं पुढे. स्वतःच्या ट्रककडे जायचं सोडून तो माझ्या गाडीपाशी थांबला आणि पुढचं डावं चाक बुटाने दाबून पाहिलं. पुन्हा एकदा दाबलं.

"हवा कमी आहे यात," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "सावकाश जा."

मी सावकाश गेले. आरशात तो फाटकाशी उभा दिसत होता, मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

तुझी
आर्डिथ आत्या